यादीमागचा गणिती : एडगर कॉड

कांजूरमार्ग हे मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एकच नाव. पण अर्जांच्या गठ्ठ्यात त्याची अनेक रूपे आढळतात. कोणी ‘कांजूरमार्ग’ असे सलग लिहितो, कोणी ‘कांजूर मार्ग’ असे तोडून, कोणी ‘कांजुरमार्ग’ असे ऱ्हस्व उकाराने, तर कोणी नुसते ‘कांजूर’ लिहून मोकळा होतो. टपाल वाटणाऱ्या पोस्टमनला यात काही अडचण पडत नाही. संगणकाला मात्र ही चार वेगवेगळी गावे वाटतात. कांजूरमार्गमधून किती अर्ज आले असे त्याला विचारले, तर तो चौघांपैकी एकाचीच मोजदाद करून मोकळा होतो. म्हणूनच संगणकावरील बहुतेक अर्जांत आता नाव लिहायला सांगत नाहीत. खाली टोक असलेल्या बाणाची एक चौकट दिसते. बाणावर टिचकी मारली की नावांची यादी उलगडते आणि त्यातले एक निवडायचे असते. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘ड्रॉपडाऊन लिस्ट’ म्हणतात.

या यादीची खरी गंमत डोळ्यांना दिसत नाही. अर्जदार निवडतो ‘कांजूरमार्ग’ हे नाव. पण त्याच्या नोंदीत साठवला जातो बहुधा एखादा क्रमांक. दाखवायचे एक आणि साठवायचे दुसरे, अशी ही व्यवस्था आहे. ती चौकट आणि तो बाण एडगर फ्रँक कॉड यांनी घडवला नाही. मात्र नोंदींच्या तक्त्यांनी परस्परांशी कोणत्या शिस्तीने बोलावे, एका तक्त्यातील मूल्य दुसऱ्या तक्त्यात असलेच पाहिजे हा दंडक कसा पाळावा, आणि मूल्य मुळीच नसेल तर काय समजावे, या तिन्ही प्रश्नांचा पाया या इंग्रज गणितज्ञाने घातला. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, महापालिकेचे देयक, महाविद्यालयाचा प्रवेश या सगळ्यांच्या तळाशी आज त्यांचाच विचार आहे. सामान्य माणसाला त्यांचे नाव मात्र क्वचितच ठाऊक असते.

बंदरावरचे बालपण, समुद्रावरचे उड्डाण

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात, पोर्टलंड बेटावरील फॉर्च्युन्सवेल या गावी झाला. वडील चामड्याचे उत्पादक, आई शिक्षिका. सात भावंडांत हे शेंडेफळ. पूल येथील ग्रामर स्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर ते ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात दाखल झाले. तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटला होता. विद्यार्थी म्हणून सैन्यातील भरती लांबणीवर टाकणे त्यांना शक्य होते. तरीही ते स्वेच्छेने ब्रिटिश हवाई दलात गेले. किनारा संरक्षण विभागात ‘संडरलंड’ जातीची पाण्यावर उतरणारी अवजड विमाने त्यांनी चालवली. विमान चालवण्याची ही आवड पुढे आयुष्यभर टिकली.

युद्ध संपल्यावर त्यांनी ऑक्सफर्डला परतून गणितातील पदवी पूर्ण केली आणि १९४८ मध्ये अमेरिकेचा रस्ता धरला. न्यूयॉर्कमध्ये आरंभी त्यांनी ‘मेसीज’ या मोठ्या दुकानात विक्रेत्याचे काम केले. मग काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवले. १९४९ मध्ये ते आयबीएम कंपनीत गणिती प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. संगणक तेव्हा एक मोठा दिवाणखाना व्यापणारे यंत्र होते आणि त्याला काम सांगणारी माणसे जगात बोटांवर मोजण्याइतकी होती.

चार वर्षांनी त्यांनी ही नोकरी आणि तो देश दोन्ही सोडले. अमेरिकेत तेव्हा सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा बोलबाला होता. साम्यवादी असल्याच्या संशयावरून सरकारी नोकर, प्राध्यापक, लेखक, कलावंत यांची नावे याद्यांत घातली जात आणि एकदा यादीत नाव आले की माणसाची उमेद आणि उपजीविका दोन्ही संपत. या वातावरणाचा निषेध म्हणून कॉड १९५३ मध्ये कॅनडात ओटावा येथे निघून गेले. मॅकार्थी यांचा प्रभाव ओसरल्यानंतर, १९५७ मध्ये, ते आयबीएममध्ये परतले. तत्त्वासाठी सोयीवर पाणी सोडण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील आयुष्यातही पुन्हा पुन्हा दिसली.

परतल्यावर ‘स्ट्रेच’ या त्या काळातील महाबलाढ्य संगणकावर एकाच वेळी अनेक कामे कशी चालवावीत या प्रश्नावर त्यांनी काम केले. वयाची पस्तिशी उलटल्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. कंपनीच्या शिष्यवृत्तीवर मिशिगन विद्यापीठात जाऊन त्यांनी १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता स्वतःची प्रतिकृती निर्माण करणारी गणिती यंत्रे. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने अशा यंत्रातील प्रत्येक पेशीला २९ अवस्था कल्पिल्या होत्या. कॉड यांनी तेच काम अवघ्या आठ अवस्थांत होते हे दाखवून दिले. अवघड गोष्ट कमीत कमी साधनांत बसवण्याचे त्यांचे कसब येथेच प्रकट झाले होते.

माहितीच्या चक्रव्यूहात

१९६८ च्या सुमारास कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत आले. मोठ्या कंपन्यांची माहिती तेव्हा चुंबकीय तबकड्यांवर साठवली जाऊ लागली होती. परंतु ती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी रचलेली असे. अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्याच्या गरजेतून जन्मलेली आयबीएमची ‘आयएमएस’ ही प्रणाली अशीच झाडाच्या आकाराची होती. एखादी नोंद हवी असेल तर खोडापासून निघून कोणत्या फांदीवर वळायचे, तेथून कोणत्या डहाळीवर जायचे, हे प्रोग्रामरला पाठ असावे लागे. रचना बदलली की रस्ते बदलत आणि रस्ते बदलले की आधी लिहिलेले प्रोग्राम कोलमडत. व्यवस्थापकाला नवा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर मिळण्यास आठवडे लागत.

गणितज्ञाच्या नजरेला ही सगळी यातायात निरर्थक वाटली. माहिती म्हणजे मुळात काय, याचा विचार करताना कॉड यांना शाळा-महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या संच सिद्धान्ताचा आणि तर्कशास्त्राचा आधार सापडला. सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडावी. प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान. प्रत्येक स्तंभात कोणती मूल्ये चालतील याचा संच आधीच ठरलेला. कोणत्याही दोन ओळी सारख्या नसाव्यात, म्हणून प्रत्येक ओळीची ओळख पटवणारी एक किल्ली असावी. आणि एका तक्त्याला दुसऱ्याशी जोडायचे असेल तर त्यासाठी दोरे, बाण, फांद्या काही नकोत. पहिल्या तक्त्यातील किल्लीचे मूल्य दुसऱ्या तक्त्यात लिहिले की पुरे. नोंद कोठे ठेवली आहे हे शोधण्याचे काम यंत्राने करावे. माणसाने फक्त काय हवे तेवढे सांगावे.

हा विचार त्यांनी १९६९ मध्ये प्रथम कंपनीच्या अंतर्गत अहवालात मांडला. जून १९७० मध्ये तो संगणकतज्ज्ञांच्या ‘एसीएम’ या संस्थेच्या नियतकालिकात शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. ‘रिलेशनल मॉडेल’ या नावाने तो पुढे जगभर ओळखला गेला. निबंध जेमतेम अकरा पानांचा होता; परंतु माहितीशास्त्राचा त्यानंतरचा सारा इतिहास या अकरा पानांवर उभा आहे.

यादी, किल्ली आणि गाव

कांजूरमार्गच्या चौकटीकडे आता पुन्हा पाहिले तर कॉड यांच्या विचाराचे व्यावहारिक मोल कळते. वस्त्यांचा एक स्वतंत्र तक्ता असतो. त्यात एका स्तंभात क्रमांक, दुसऱ्यात नाव. कांजूरमार्गची ओळ तेथे एकदाच. अर्जदारांचा तक्ता निराळा. त्यात गावाचे नाव नसतेच, फक्त तो क्रमांक असतो. अर्ज पडद्यावर येतो तेव्हा ड्रॉपडाऊन यादी वस्त्यांच्या तक्त्यातून भरली जाते. क्रमांकाचा स्तंभ लपवलेला असतो, नावाचा दाखवलेला. नाव निवडले की मागच्या मागे क्रमांक उचलला जातो. नोंद पुन्हा उघडली की क्रमांकावरून नाव शोधून ते चौकटीत दाखवले जाते. नवख्या प्रोग्रामरची पहिली ठेच बहुधा येथेच लागते. क्रमांकाच्या जागी नाव साठवले गेले, तर यादी उघडते छान, पण जुन्या नोंदी उघडल्यावर चौकट रिकामी दिसते. कारण शोधायचा असतो क्रमांक आणि हाती लागते नाव.

नाव व ओळख वेगळी ठेवण्याचा लाभ महाराष्ट्राने अलीकडेच अनुभवला. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाला आणि उस्मानाबाद धाराशिव झाला. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जेथे नोंदीत जिल्ह्याचा क्रमांक साठवलेला असतो, तेथे जिल्ह्यांच्या तक्त्यातील एकेक ओळ बदलली की लाखो नोंदी आपोआप नवे नाव दाखवू लागतात. जेथे प्रत्येक नोंदीत नावच लिहिलेले असते, तेथे जुने आणि नवे अशा दोन जिल्ह्यांची सरमिसळ वर्षानुवर्षे निस्तरावी लागते. संकेत नावावरूनच बेतला असेल तर तोही अडचणीत येतो. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ शब्दाची भर पडली. नावाच्या आद्याक्षरांवरून बनलेला स्थानकाचा संकेतही त्यासोबत बदलावा लागला. म्हणूनच १९७९ मध्ये लिहिलेल्या एका प्रदीर्घ निबंधात कॉड यांनी स्वतःला काहीही अर्थ नसलेल्या, यंत्राने दिलेल्या, कधीही न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाची कल्पना विस्ताराने मांडली. नाव बदलते, पत्ता बदलतो, आडनावही बदलते. ओळख मात्र टिकली पाहिजे, असा त्यामागचा विचार होता.

दुसरा दंडक त्याहून कडक. अर्जाच्या तक्त्यात जो क्रमांक आहे तो वस्त्यांच्या तक्त्यात असलाच पाहिजे. अस्तित्वात नसलेल्या गावाचा रहिवासी नोंदवता येणार नाही. तसेच ज्या गावाचे रहिवासी नोंदलेले आहेत त्या गावाची ओळ परस्पर खोडून टाकता येणार नाही. एखादी शाखा, शाळा वा वस्ती बंद झाली म्हणून तिची ओळ पुसून टाकली, तर तिच्याशी जोडलेल्या जुन्या नोंदी पोरक्या होतात. म्हणून जाणकार प्रोग्रामर ओळ पुसत नाहीत. तिच्यावर ‘आता वापरात नाही’ अशी खूण करतात. नव्या अर्जाच्या यादीत ती दिसत नाही. जुना अर्ज उघडला तर मात्र दिसते.

हा पहारा कोठे बसवावा याविषयीही कॉड आग्रही होते. पडद्यावरील यादी हा केवळ सोयीचा दरवाजा आहे. दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या प्रोग्राममधून, एखाद्या फाईलमधून घाऊक भरणा करून चुकीचे मूल्य आत शिरू शकते. त्यामुळे दंडक अर्जाच्या प्रोग्राममध्ये नव्हे, तर खुद्द माहितीच्या कोठारात लिहिलेला असावा, असे त्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुविख्यात नियमांत बजावले. हे नियम बारा म्हणून ओळखले जातात; शून्यापासून मोजले तर ते तेरा भरतात. त्यातील दहावा नियम याच बाबतीतला आहे.

घरचा विरोध

आयबीएमने आपल्या घरातील या रत्नाचे स्वागत केले, असे मात्र घडले नाही. ‘आयएमएस’मध्ये कंपनीचा पैसा आणि प्रतिष्ठा गुंतलेली होती. मोठे ग्राहक त्या प्रणालीवर विसंबून होते. नवा विचार स्वीकारणे म्हणजे आपल्याच चालत्या दुकानाला टाळे लावण्यासारखे होते. कॉड यांचा स्वभावही पडते घेणारा नव्हता. आपल्याच कंपनीच्या उत्पादनातील उणिवा ते कंपनीच्या ग्राहकांपुढे मांडत आणि त्यामुळे वरिष्ठांची पंचाईत होई.

मे १९७४ मध्ये मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे या वादाला जाहीर रूप आले. एका बाजूला जाळ्याच्या रचनेचे प्रणेते चार्ल्स बाकमन, ज्यांना आदल्याच वर्षी संगणकशास्त्रातील सर्वोच्च ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. दुसऱ्या बाजूला कॉड. बाकमन यांच्या मते कुशल प्रोग्रामर हा माहितीच्या समुद्रातील नावाडी होता. कॉड यांना हे नावाडीपणच नको होते. त्या सभेत हार-जीत ठरली नाही. परंतु तरुण संशोधकांचा कौल हळूहळू तक्त्यांच्या बाजूने झुकू लागला.

सॅन होजे येथेच ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी त्यासाठी प्रश्न विचारण्याची जी भाषा घडवली ती पुढे ‘एसक्यूएल’ म्हणून जगभर रूढ झाली. बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजिन वाँग यांनी ‘इंग्रेस’ ही प्रणाली उभी केली. या सर्वांनी आपले काम शोधनिबंधांतून उघड केले होते. ते वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘ओरॅकल’ बाजारात आणले, आयबीएमच्याही आधी. आयबीएमचे पहिले व्यापारी उत्पादन १९८१ मध्ये आणि ‘डीबी-टू’ १९८३ मध्ये आले. ज्या कंपनीत कल्पना जन्मली तिच्याआधी परक्याने तिचे दुकान थाटले, असा हा प्रकार होता.

याच काळात कॉड मात्र आणखी एका स्वप्नामागे होते. संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसाला साध्या इंग्रजीत प्रश्न विचारता यावा, अशी ‘राँदेव्हू’ नावाची प्रणाली त्यांनी आखली. १९७४ मधील निबंधात त्यांनी तिच्या सात पायऱ्या सांगितल्या. माणसाची भाषा संदिग्ध असते, हे त्यांनी गृहीत धरले होते. प्रश्न नीट समजला नाही तर यंत्राने उलट प्रश्न करावा. आपल्याला काय समजले ते त्याने पुन्हा मांडून दाखवावे. आणि तरीही उलगडा होत नसेल तर माणसापुढे ठरावीक पर्याय ठेवून त्यातला एक निवडायला सांगावे, अशी तिची रीत होती. आज प्रत्येक अर्जावर दिसणाऱ्या पर्याय-यादीचे तत्त्व यात स्पष्ट दिसते. फरक इतकाच की कॉड यांच्या आराखड्यात पर्याय हा शेवटचा उपाय होता. आधी माणसाला आपल्या शब्दांत बोलू दिले जाई. आज बहुतेक अर्ज यादीपासूनच सुरू होतात आणि यादीपाशीच संपतात.

रिकाम्या जागेचा प्रश्न

यादीतून निवडण्याजोगे काहीच नसेल तर? हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. कॉड यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत कडवे वाद त्यावरूनच झाले. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे आणि कोरा शब्दही नव्हे. खात्यात शून्य रुपये असणे निराळे आणि खात्यात किती रुपये आहेत हे ठाऊक नसणे निराळे. या अभावासाठी त्यांनी ‘नल’ ही खूण रूढ केली. जेथे नल असेल तेथे होय किंवा नाही एवढी दोनच उत्तरे पुरत नाहीत, ‘अज्ञात’ हे तिसरे उत्तरही तर्कशास्त्रात घ्यावे लागते, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यांच्या बारा नियमांपैकी तिसरा याच अभावाच्या पद्धतशीर हाताळणीविषयी आहे.

पुढे त्यांनी अभावाचेही दोन प्रकार केले. मूल्य आहे, पण ठाऊक नाही, हा एक. आणि मूल्य लागूच होत नाही, हा दुसरा. एखाद्या वृद्धाची जन्मतारीख हा पहिला प्रकार. ती आहे निश्चित, पण लिहिलेली नाही. अविवाहित स्त्रीच्या अर्जावरील पतीचे नाव हा दुसरा प्रकार. ते अज्ञात नाही. तो प्रश्नच तिला गैरलागू आहे. कॉड यांचे निकटचे सहकारी आणि त्यांच्या विचारांचे सर्वांत नामांकित भाष्यकार ख्रिस डेट यांना मात्र नल ही कल्पनाच मान्य नव्हती. तिसऱ्या उत्तरामुळे प्रश्नोत्तरे बिघडतात, असे त्यांचे म्हणणे होते. गुरू-मित्रांमधला हा मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही, आणि प्रोग्रामरांच्या जगात तो अजूनही धुमसतो.

रिकाम्या जागेला मज्जाव केला की काय होते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली तरी रकाना भरलाच पाहिजे, म्हणून मास्तरांनी सरसकट १ जून ही तारीख घातलेली असंख्य माणसे आपल्याकडे आहेत. रकाना भरला, पण माहिती मिळाली नाही. उलट, खोटी माहिती खऱ्याच्या थाटात कायमची नोंदली गेली. ड्रॉपडाऊन यादीतही हेच घडते. यादी उघडताच पहिला पर्याय आधीच निवडलेला दिसत असेल, तर घाईत असलेला अर्जदार त्याला हात लावत नाही आणि वर्णानुक्रमातील पहिल्या जिल्ह्याची लोकसंख्या कागदोपत्री फुगते. म्हणून यादीच्या डोक्यावर ‘निवडा’ अशी ओळ ठेवतात. तिच्यामागे कोणतेही मूल्य नसते. ती तशीच राहिली तर नोंदीत नल जातो किंवा अर्ज पुढे सरकत नाही. यांपैकी काय व्हावे हे ठरवणे मात्र यंत्राच्या हाती नसते.

यादीत नाव नसणे हा केवळ तांत्रिक दोष राहत नाही, याचे मोठे उदाहरण जनगणनेचे. लिंग या प्रश्नाला भारतात पुरुष आणि स्त्री हेच दोन पर्याय दीर्घकाळ चालत आले. २०११ च्या जनगणनेत पुरुषासाठी १, स्त्रीसाठी २ आणि इतरांसाठी ३ असा तिसरा संकेत दिला गेला. तो संकेत नव्हता तेव्हाही ही माणसे देशात होतीच. पण त्यांची मोजदाद दुसऱ्याच कोणत्या तरी ओळीत होत होती. तिसऱ्या संकेताखाली सुमारे चार लाख ८८ हजार जणांची नोंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. तक्त्यात एक ओळ वाढवणे हे प्रोग्रामरच्या दृष्टीने मिनिटभराचे काम. ती वाढवायची की नाही हा निर्णय मात्र समाजाला अनेक दशके घेता आला नव्हता. कॉड यांच्या प्रारूपाची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथे दिसतात. स्तंभात कोणती मूल्ये चालतील याचा संच आधी ठरवा, असे ते सांगते; तो संच न्याय्य आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही.

मान आणि मतभेद

मानसन्मान उशिरा आले, पण आले. १९७६ मध्ये आयबीएमने त्यांना ‘फेलो’ हा कंपनीतील सर्वोच्च किताब दिला. १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये ते कंपनीतून निवृत्त झाले आणि डेट यांच्यासह सल्लागार संस्था चालवू लागले. रिलेशनल हा शब्द तोवर बाजारात प्रतिष्ठेचा झाला होता. जुन्याच प्रणालींवर नवे लेबल चिकटवून कंपन्या त्या विकू लागल्या होत्या. कॉड यांचे बारा नियम या भेसळीला चाप लावण्यासाठीच आले. त्यांच्या कसोटीवर कोणतेही उत्पादन पुरेपूर उतरले नाही. ‘एसक्यूएल’वरही ते समाधानी नव्हते. एकाच तक्त्यात हुबेहूब सारख्या दोन ओळी राहू देणारी भाषा संच सिद्धान्ताशी प्रतारणा करते, अशी त्यांची तक्रार होती. ज्या भाषेमुळे त्यांचे प्रारूप घराघरांत पोहोचले, तिच्यावरच त्यांनी टीकेचा आसूड ओढला. १९९० मध्ये त्यांनी आपल्या प्रारूपाची दुसरी आवृत्ती ग्रंथरूपाने काढली. बारा नियमांची संख्या त्यात ३३३ वैशिष्ट्यांवर गेली होती. बाजाराने इतक्या कडक सोवळ्याकडे लक्ष दिले नाही.

अखेरच्या काळात एक डागही लागला. १९९३ मध्ये विश्लेषणासाठीच्या माहिती-प्रणालींवर, ज्यांना त्यांनी ‘ओलॅप’ हे नाव दिले, त्यांनी सहकाऱ्यांसह एक निबंध लिहिला. त्या निबंधाला अशा प्रणाली विकणाऱ्याच एका कंपनीचे अर्थसाहाय्य होते, हे उघड झाल्यावर त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी प्रश्न विचारले गेले. तत्त्वासाठी देश सोडणाऱ्या, मालकाशी भांडणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही घटना खटकते. त्यांचे नाव देऊन रूढ झालेला शब्द मात्र व्यापारजगतात टिकला.

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथील राहत्या घरी हृदयक्रिया बंद पडून कॉड यांचे निधन झाले. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी माहिती-प्रणालींतील मौलिक संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या जागतिक पारितोषिकाला त्यांचे नाव देण्यात आले.

कांजूरमार्ग स्थानकापासून जवळच, पवईच्या आयआयटी मुंबईत त्यांचा वारसा वेगळ्या रीतीने जपला गेला आहे. जगभरातील विद्यार्थी ज्या ग्रंथातून डेटाबेस शिकतात त्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’चे अब्राहम सिल्बरशॅट्झ आणि हेन्री कॉर्थ यांच्यासह तिसरे लेखक एस. सुदर्शन हे याच संस्थेतील प्राध्यापक. त्या पुस्तकाच्या आरंभीच तक्ते, किल्ल्या आणि तक्त्यांमधले नाते यांचे धडे येतात. ते शिकलेले विद्यार्थी उद्या कोठे तरी शिष्यवृत्तीचा, शिधापत्रिकेचा किंवा रुग्णालयाच्या नोंदणीचा अर्ज घडवतील. यादी कोणत्या तक्त्यातून भरायची, कोणता स्तंभ दाखवायचा आणि कोणता साठवायचा हे त्यांना कॉड यांच्यामुळे ठाऊक असेल. यादीत आपले गाव, आपली भाषा, आपली ओळख न सापडलेल्या माणसाने काय करावे, हे मात्र प्रत्येक अर्ज घडवणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागणार आहे.